खुर्ची कोणाच्या मापाची?

घरात संगणक घ्यायचा ठरला की चर्चा होते ती यंत्राची. खुर्चीची पाळी शेवटी येते आणि उरल्यासुरल्या पैशांत तिची सोय लावली जाते. बहुधा ओटीवरची प्लास्टिकची खुर्चीच आत ओढून घेतात. पाहुणा तीवर चहा संपेपर्यंत बसतो. आपण बसणार चार-चार तास! म्हणून हा विषय वाटतो तितका क्षुल्लक नाही.

माणूस उभा असताना पाठीचा कणा कंबरेपाशी आत वळलेला असतो. बसलो की कटीचे हाड मागे कलते, तो बाक सपाट होतो आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर ताण येतो. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून हा दाब मोजला. टेकू न घेता बसलेल्या माणसाच्या चकतीवर उभ्या माणसापेक्षा जास्त दाब आढळला. पुढे वाकल्यावर तो आणखी वाढला. पुढे १९९९ साली जर्मनीत झालेल्या मोजणीत मात्र मागे रेलून सैल बसल्यावर दाब उतरलेला दिसला. तेव्हा ‘ताठ बस’ हा वडीलधाऱ्यांचा उपदेश अर्धाच खरा म्हणायचा. पाठ किंचित मागे कललेली आणि कंबरेच्या खळगीला टेकू, अशी बैठक बरी.

पण खरी अडचण उंचीची आहे, आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. माझी उंची चार फूट अकरा इंच. जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत १५ इंच, आणि बसल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंत ८ इंच. म्हणजे पाय जमिनीला टेकवून बसले, तर माझे कोपर २३ इंचांवर येते. बाजारातले टेबल असते सुमारे ३० इंचांचे. सात इंचांची ही तफावत खांदे वर उचलून भरून काढावी लागते. मग संध्याकाळी मान आखडते यात नवल ते काय? खुर्ची वर घ्यावी, तर पाय लोंबकळतात. लोंबत्या पायांचे वजन मांडीच्या खालच्या बाजूवर येते, तिथल्या शिरा दाबल्या जातात, मुंग्या येतात. मग माणूस आपोआप पुढे सरकतो आणि खुर्चीची पाठ मागेच राहते. अशा वेळी हजारो रुपयांची पाठ असली काय नि नसली काय!

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रबर्ती यांचे भारतीय स्त्री-पुरुषांच्या शरीरमापांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे मापे उपलब्ध आहेत. तरी दुकानात ‘सर्वांना चालणारी’ म्हणून जी खुर्ची दाखवतात, ती माझ्या आईला किंवा मला चालत नाही.

उपाय अगदी साधा आहे. आधी खुर्ची टेबलाच्या मापाने वर घ्यावी, कोपर टेबलाच्या पातळीला आणावे, आणि मग जमीनच पायांकडे वर आणावी. आमच्याकडे चौरंग होता. पण तो पूजेचा, त्यावर पाय ठेवू देणार नाही, असे आजीने बजावले. तेव्हा दोन-दोन विटा एकमेकींवर रचून वर फळी टाकली. विटांचे सहा इंच, फळीचा एक. टेबलाचे पाय सुताराकडून कापून घेता आले असते, पण मग भावाचे गुडघे आत मावले नसते. कचेरीतली खुर्ची एकाची असते, घरातली सगळ्यांची. म्हणूनच घरासाठी घेताना वर-खाली होणारी बैठक ही पहिली अट मानावी. बाकीची सजावट नंतर.

बैठकीची खोलीही पाहावी. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची लवण यांत दोन-तीन बोटे शिरली पाहिजेत. खोली जास्त असेल तर पाठीमागे घट्ट गुंडाळलेली गोधडी ठेवावी. कंबरेचा टेकूही त्यातच साधतो. हात असतील तर ते टेबलाखाली जातात ना, एवढे पाहावे. गादी दडस हवी. रेक्झिन आपल्या उन्हाळ्यात अंगाला चिकटते. त्यापेक्षा जाळीची पाठ बरी. शर्यतीच्या मोटारीतल्यासारख्या लाल-काळ्या खुर्च्या हल्ली फार दिसतात. त्यांवर बसून गाडी चालवायची आहे की निबंध लिहायचा आहे, हे मला अजून उमगलेले नाही.

नवी खुर्ची परवडत नसेल, तर बंद पडलेल्या कचेऱ्यांच्या जुन्या खुर्च्या मिळतात. स्वस्तातल्या नव्या खुर्चीपेक्षा त्या पुष्कळदा मजबूत असतात. चाकांची असेल तर पाच पायांचीच घ्यावी. चार पायांची कडेला कललो की लवकर उलटते. बैठक उचलणाऱ्या नळीत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. तो गळत असेल तर खुर्ची हळूहळू खाली बसते. दुकानदाराशी भाव करताना तीवरच बसावे, बैठक पूर्ण वर घ्यावी आणि दहा मिनिटे उठू नये. तेवढ्यात टेबल छातीशी आले, तर पैसे खिशातच ठेवावेत.