शेतातील गारगोटी की पूर्वजांचे पाते?

इंदूरहून उज्जैनला जाताना वाटेत सांवेर लागते. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की तेथील काळ्या मातीवर धुतलेल्या गारगोट्या चमकू लागतात. गेल्या वर्षी पेरणीपूर्वी आम्ही मुलांसमवेत त्या वेचल्या आणि पंचा भरून घरी आणल्या.

वाचकहो, प्रत्येक अणकुचीदार दगड हे हत्यार नव्हे. माणसाने दगडाच्या काठावर नेमका घाव घातला की जो छिलका निघतो, त्याच्या आतल्या अंगास घावाखालीच लहानसा फुगवटा उठतो व तेथून, पाण्यात खडा टाकावा तशा, लाटा पसरतात. मात्र नांगराचा फाळ लागून फुटलेल्या दगडावरही क्वचित अशी खूण उमटते. एवढ्यावर विसंबू नये. धारेवर ओळीने बारीक टवके काढले आहेत काय, पाठीवर आधी काढलेल्या पात्यांच्या समांतर कडा आहेत काय, हेही पाहावे. मालव्यातील प्राचीन शेतकरी अकीकासारख्या दगडाची अशी बोटभर पाती काढून मुठीत बसवीत व त्यांनी कापणी करीत. उज्जैनजवळील कायथा येथे १९६५-६६ साली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी उत्खनन केले, तेव्हा चार हजार वर्षांहून जुनी वस्ती उजेडात आली.

अशा संशोधनाने श्रद्धेस बाधा येईल, अशी शंका काही भाविकांस वाटते. आम्हांस ती पटत नाही. येशूसंघीय धर्मगुरू फादर तेयार द शार्दां हे १९३५ साली नर्मदेच्या खोऱ्यात आले होते. नदीकाठच्या कोणत्या थरात कोणती हत्यारे आहेत, हे त्यांनी सहकाऱ्यांसह तपासले. थर कळला तरच हत्याराचे वय कळते.

हेच आम्ही विसरलो. आमच्या पंचातील तीन दगड खरोखरीची पाती निघाली. परंतु एका जाणत्या गृहस्थांनी विचारले, “कोणत्या शेतातील? कोणत्या बांधाजवळील?” आम्ही निरुत्तर झालो. तीन शेतांतील दगड एकत्र झाले होते. मुलांनी ते घासून स्वच्छही केले होते. पाती हाती राहिली, वस्तीचा माग मात्र आम्हीच पुसला.

यंदा पुन्हा एक पाते दिसले. ते जागीच ठेवून आम्ही शेजारी पट्टी धरली, छायाचित्र घेतले आणि पुरातत्त्व खात्यास पाठविण्यासाठी टिपण केले. धाकट्याने वहीत लिहिले: “विहिरीच्या पूर्वेस, चिंचेपासून वीस पावले.”