सॉकेटच्या एका फायलीची तीन दशकं

बंगळूरच्या शिवाजीनगरात कोणी सॉफ्टवेअर शोधायला येत नाही. लोक येतात ते रसेल मार्केटमधल्या भाजी-मासळीसाठी, कमर्शियल स्ट्रीटवरच्या कपड्यांसाठी, सेंट मेरी बॅसिलिकेतल्या नवसासाठी, नाहीतर गुजरीतल्या जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी. तरीही या शहराचा संगणकी धंदा सुरू झाला तो इथून फार लांब नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं १९८५ मध्ये आपलं केंद्र काढलं ते मिलर्स रोडवरच्या सोना टॉवर्समध्ये. पुढे कंपनीनं उपग्रहामार्फत अमेरिकेशी थेट जोडणीही मिळवली. अँटेनाचं सामान बैलगाडीतून नेतानाचा फोटो तेव्हापासून इतक्यांदा छापून आलाय, की आता तो बघताना बैलांचीच दया येते.

त्या जोडणीच्या दोन्ही टोकांना एकाच कंपनीची यंत्रं होती. निरनिराळ्या जातीच्या यंत्रांवर एकच प्रोग्रॅम चालला पाहिजे आणि तो नेटवर्कवरही बोलला पाहिजे, हा पेच नंतरचा, आमच्या पिढीच्या वाट्याला आलेला. तो सोडवायला ज्यांनी हातभार लावला त्यात पायथन भाषेच्या मूळ कोडमधली एक सी फाइल आहे, सॉकेटमॉड्यूल नावाची. हा तिचा मागोवा.

सॉकेटची मूळ कल्पना बर्कलीची. १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये ती लोकांच्या हाती आली. सॉकेट उघडा, पत्त्याला बांधा, ऐका, स्वीकारा, पाठवा, घ्या. युनिक्समध्ये सॉकेट म्हणजे एक छोटा पूर्णांक, म्हणजेच डिस्क्रिप्टर, उघड्या फायलीला मिळतो तसाच. त्यामुळे फायलीवर चालणारं वाचन, लेखन, बंद करणं सॉकेटवरही चालायचं. पुढची सगळी डोकेदुखी याच सुंदर गृहीतकातून निघाली, कारण युनिक्सबाहेर ते कुणी पाळलं नाही.

गिदो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळात ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत असताना पायथन लिहायला घेतली. ०.९.० ही आवृत्ती फेब्रुवारी १९९१ मध्ये बाहेर पडली. सॉकेटचं मॉड्यूलही तिच्या बाल्यावस्थेतलंच. त्याचा बाणा साधा होता: बर्कलीची नावं तशीच ठेवायची, पत्त्याच्या सी रचनेऐवजी होस्ट आणि पोर्ट अशी जोडी घ्यायची, आणि चूक झाली तर एक्सेप्शन फेकायचं. स्वतःचं शहाणपण फारसं घालायचं नाही. मला हा निर्णय आजही फार मोठा वाटतो. बर्कलीची पुस्तकं वाचून शिकलेल्या माणसाला पायथनमध्ये नव्यानं काही शिकावं लागलं नाही.

मग विंडोज आलं. तिथल्या सॉकेटचं नाव विनसॉक, त्याचा १.१ मसुदा जानेवारी १९९३ चा. नावं बर्कलीची, पण वागणं निराळं. आधी डब्ल्यूएसए-स्टार्टअपला हाक मारल्याशिवाय एकही सॉकेट उघडत नाही. बंद करायला क्लोज चालत नाही, क्लोजसॉकेट लागतं. चूक एररनोमध्ये सापडत नाही, वेगळी विचारावी लागते. सिलेक्टला फक्त सॉकेट चालतात, तीही मुळात ६४. पायथननं ही मर्यादा आपल्या बांधणीत ५१२ वर नेली.

आपल्याकडे विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. स्वस्तातल्या शेल खात्यात घरच्या पीसीला स्वतःचा आयपी पत्ता मिळतच नसे. सॉकेट उघडायचं ते निगमच्या मशीनवर, आपला पीसी नुसता पडदा. पायथन बऱ्याच जणांपर्यंत पोचली ती पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर येणाऱ्या लिनक्सच्या सीडीतून. ऑफिसात मात्र सोलारिस, एनटी आणि लिनक्स शेजारीशेजारी. एकाच स्क्रिप्टनं तिन्हींवर चालावं ही अपेक्षा साहेबांना अगदी वाजवी वाटायची.

गुजरीतला मेकॅनिक एका गाडीचा भाग दुसरीला बसवताना मध्ये वॉशर घालतो, थोडं कानसतो. सॉकेटमॉड्यूल उघडलं की तसलेच वॉशर दिसतात, इफडेफच्या ओळींच्या रूपात. सगळ्यात मासलेवाईक उदाहरण गेटहोस्टबायनेमचं. नावावरून पत्ता शोधणारं हे फंक्शन एकाहून अधिक थ्रेडमध्ये सुरक्षित नव्हतं, म्हणून प्रत्येक युनिक्सवाल्यानं त्याची सुरक्षित आवृत्ती काढली. तिला लिनक्सवर ६ आर्ग्युमेंट, सोलारिसवर ५, आणखी काहींवर ३. बांधणीच्या वेळी कॉन्फिगर स्क्रिप्ट तिन्ही करून बघते आणि जे जमेल ते पकडते. युनिक्सवाले विंडोजला नावं ठेवायचे तेव्हा मला हे हटकून आठवायचं.

पण या इतिहासातलं खरं वळण मेकफाइलचं. सॉकेटवरून ओळ-ओळ वाचता यावं म्हणून ही सोय. युनिक्सवर ती सोपी होती: डिस्क्रिप्टरची नक्कल काढा आणि सीच्या फाइल-यंत्रणेला द्या. विंडोजवर सॉकेट हा फायलीचा डिस्क्रिप्टर नसल्यानं नक्कलच निघेना. म्हणून सी मॉड्यूलच्या डोक्यावर पायथनमध्ये लिहिलेला एक थर चढवला. तो बफर स्वतः सांभाळायचा आणि सॉकेट कितीजण वापरताहेत याकडे लक्ष ठेवायचा. हा थर आधी फक्त विंडोजसाठी होता. पुढे बीओएस आणि रिस्कओएसही त्या अटीत आले, आणि शेवटी बफर सांभाळणारा तो वर्ग सगळ्याच प्लॅटफॉर्मवर वापरात आला. ज्या प्लॅटफॉर्मला लंगडा म्हणून हिणवलं, त्याच्यासाठी केलेली तडजोड सर्वांचा रिवाज झाली. पोर्टेबिलिटीचं काम बहुतेक वेळा असंच उलट्या बाजूनं पुढे सरकतं, असं माझं मत होत गेलं.

जुन्या मॅकची गोष्ट थोडक्यात: तिथे मॅथियास नीराखर यांच्या गुसी लायब्ररीनं बर्कलीचं सोंग आणलं आणि पायथननं ते आनंदानं खरं मानलं.

आयपीव्ही६ ची भर पायथन २.२ मध्ये, म्हणजे २००१ अखेर पडली. ती जपानच्या जुनइचिरो हागिनो यांची. सगळे त्यांना इतोजुन म्हणत. ज्या प्रणालींवर गेटॲड्रइन्फो नव्हतं त्यांच्यासाठी वाइड प्रकल्पाची त्या फंक्शनची फाइलच पायथनच्या मूळ कोडमध्ये ठेवली गेली. इतोजुन २००७ मध्ये गेले.

२.३ मध्ये, २००३ साली, सेटटाइमआउट आलं. मायकेल गिलफिक्स यांचं हे काम. त्याआधी टिमथी ओ'मॅली यांचं वेगळं मॉड्यूल लोक जोडून घेत. डायलअपची लाइन मध्येच तुटली की स्क्रिप्ट तासन्‌तास निवांत बसून राहायची, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच या एका फंक्शनची किंमत कळेल. आतून युक्ती अशी, की सॉकेट गुपचूप नॉन-ब्लॉकिंग करायचं आणि सिलेक्टनं ठरावीक वेळ वाट बघायची. युनिक्सवर १०२४ च्या पुढचे डिस्क्रिप्टर सिलेक्टला झेपत नाहीत, म्हणून नंतर पोल आलं.

२००९ मध्ये भारतातली पहिली पायकॉन, म्हणजे पायथनवाल्यांची परिषद, बंगळूरच्या आयआयएससीत भरली, २०११ ची पुण्यात. तोवर वेब फ्रेमवर्कचे दिवस आले होते आणि सॉकेट थेट हाताळणारे कमी होत चालले होते. फायलीतलं काम मात्र थांबलं नाही. जोडणी समोरून तुटली की लिनक्स १०४ हा आकडा देतं, मॅक ५४, विंडोज १००५४. हे आकडे तपासणाऱ्या अटी प्रत्येकाच्या कोडमध्ये पसरल्या होत्या. ॲन्त्वान पित्रू यांच्या प्रस्तावानं ३.३ मध्ये, २०१२ साली, त्यांच्या जागी कनेक्शनरीसेटएरर हे एक नाव आलं. सिग्नल आल्यावर अर्धवट सुटणारे कॉल पुन्हा करण्याची जबाबदारी ३.५ पासून मॉड्यूलनंच घेतली.

दरम्यान जुने मॅक, बीओएस, रिस्कओएस, ओएस/२ यांचा आधार एकेक करून काढून टाकला गेला. तरी फाइल आठ हजार ओळींच्या पुढे आहे. ब्राउझरमध्ये वेबअसेंब्लीवर पायथन चालते, पण तिथे खरं सॉकेटच नाही. आणि जुना एक फरक तसाच राहिलाय: पोर्ट लगेच पुन्हा वापरू देणारा रीयूजॲड्र पर्याय युनिक्सवर निरुपद्रवी, पण विंडोजवर त्यानं दोन प्रोग्रॅम एकाच पोर्टवर बसू शकतात. ३.८ मध्ये आलेलं क्रिएटसर्व्हर म्हणूनच तो पर्याय विंडोजवर लावत नाही, सिगविनवरही नाही.