घरातलं दुकान – लेखांक ७ : कर मोजणारं सॉफ्टवेअर आणि भरणारे आपण

छत्तीसगड वेगळं राज्य झालं १ नोव्हेंबर २००० रोजी. तरी आमच्या रिसालीतल्या जुन्या मंडळींच्या हातून पत्त्याखाली 'म. प्र.' अजूनही उमटतं. पोस्टमनचं त्याने काही अडत नाही, जीएसटीच्या सॉफ्टवेअरचं अडतं. त्याच्या लेखी मध्य प्रदेश म्हणजे २३ आणि छत्तीसगड म्हणजे २२. घरातून कोसाचे कपडे विकणाऱ्या एखाद्या ताईंनी व्हॉट्सॲपवर आलेला पत्ता जसाच्या तसा बिलात उतरवला, की भिलाईतलंच गिऱ्हाईक परराज्यातलं ठरतं. मग सीजीएसटी आणि एसजीएसटीऐवजी आयजीएसटी लागतो. एकूण रक्कम तेवढीच राहते, म्हणून विकणाऱ्याला कळत नाही आणि घेणाऱ्यालाही कळत नाही. कळतं ते वर्षा-दोन वर्षांनी, नोटीस आल्यावर. कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे तेव्हा योग्य खात्यात कर पुन्हा भरायचा आणि चुकीच्या खात्यात गेलेला परत मागायचा. व्याज लागत नाही, पण पैसे अडकून पडतात.

मागच्या आठवड्यात नोंदणी पाहिली. आज, सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे नेमकं काय सुटतं आणि काय आपल्याच गळ्यात राहतं, ते बघू. जाहिराती म्हणतात, 'एक क्लिक आणि रिटर्न तयार.' क्लिक एकच असते हे खरं. तिच्या आधी काय काय भरावं लागतं, ते जाहिरातीत नसतं.

पहिली गोष्ट ठिकाणाची. वस्तू विकताना कर ठरतो तो साधारणपणे माल कुठे पोचला त्यावरून. रिसालीहून पार्सल डोंगरगडला गेलं तर सीजीएसटी-एसजीएसटी. त्याच रेल्वेमार्गाने पुढे सालेकसा लागलं की महाराष्ट्र, आणि आयजीएसटी. उलट बस्तरच्या पार टोकाला, सुकम्याला पाठवलं, तरी राज्य तेच आणि करही राज्यातलाच. अंतराचा इथे काही संबंध नाही. भेटवस्तूंचा गोंधळ मात्र बराच काळ होता. पुण्यातला मुलगा पैसे भरतो आणि साडी रिसालीत आईच्या दारात येते, तेव्हा राज्य कुठलं धरायचं? जून २०२४च्या परिपत्रकाने ते मिटवलं. गिऱ्हाईक बिगरनोंदणीचं असेल आणि बिलाचा पत्ता व पोचवण्याचा पत्ता वेगळे असतील, तर पोचवण्याचा पत्ता धरायचा. तुमचं सॉफ्टवेअर कोणता पत्ता उचलतं, हे एकदा सेटिंगमध्ये जाऊन बघाच. कित्येक ठिकाणी बिलाचा पत्ता मुळातच निवडलेला असतो.

अमेरिकेत याच ठिकाणावरून मोठा धंदा उभा राहिला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात ठरवलं की राज्यात दुकान किंवा गोदाम नसलं, तरी तिथल्या विक्रीवर ते राज्य बाहेरच्या विक्रेत्याला कर गोळा करायला लावू शकतं. राज्याचा दर वेगळा, काउंटीचा वेगळा, शहराचा वेगळा, अशी हजारो कर-क्षेत्रं तिथे आहेत. माणसाने लक्षात ठेवणं अशक्यच, म्हणून अव्हलारा, टॅक्सजारसारखी सॉफ्टवेअरं तिथे चालली. आपल्याकडे दर देशभर एकच आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या सॉफ्टवेअरचं डोकं 'कुठे' या प्रश्नात जातं, तर आपलं 'काय' आणि 'जुळतं का' या दोन प्रश्नांत. परदेशी मासल्याची वेबसाइट घेऊन तिच्यावरच विसंबणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

आता 'काय'. कोसा घेऊ, कारण चांपा-कोरब्याचा माल इकडून सगळीकडे जातो. साडी हे कापड, तिला ५ टक्के, मग ती दोन हजारांची असो की वीस हजारांची. शिवलेली कुर्ती मात्र तयार कपड्यांत मोडते, आणि तिथे दर किमतीवर ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के. (त्याआधी सीमा १,००० रुपयांची होती आणि वरचा दर १२ टक्के.) साडी आणि कुर्ती या दोघींना एकच एचएसएन कोड देऊन ठेवला, तर सॉफ्टवेअर बिनचूक गणित करून चुकीचा कर काढेल.

इथे एक गंमत आहे. ही २,५०० रुपयांची सीमा कर वगळून असलेल्या किमतीची. पण ऑनलाइन आपण किंमत लावतो ती करासकट. समजा कुर्ती २,७०० रुपयांना ठेवली. दर ५ टक्के धरला, तर मूळ किंमत येते २,५७१ रुपये. ती सीमेच्या वर, म्हणजे १८ टक्के लागायला हवा. बरं, १८ टक्के धरला तर मूळ किंमत येते २,२८८ रुपये. ती सीमेच्या आत, म्हणजे ५ टक्के! २,६२५ ते २,९५० रुपयांच्या मधल्या कुठल्याही करासकट किमतीला हा भोवरा आहे. सॉफ्टवेअरमध्ये तो कुठे तरी कुणी तरी ठरवून तोडलेला असतो. तो कसा तोडलाय हे विचारत बसण्यापेक्षा विकणाऱ्याने आधी मूळ किंमत पक्की करावी, मग कर चढवावा. मी असतो तर त्या पट्ट्यात किंमत ठेवलीच नसती. कूपन दिलं तर हिशेब आणखी हलतो. बिलावर दाखवलेली सूट वजा करून उरते ती करपात्र किंमत, म्हणजे एखाद्या कूपनने नग १८ वरून ५ टक्क्यांत उतरू शकतो.

आणि मग 'जुळतं का'. घरगुती विक्रेत्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते बहुतेक वेळा बँकेच्या पासबुकामुळे. एक ओढणी करासकट १,०५० रुपयांना विकली असं धरू. मूळ १,०००, कर ५०. प्लॅटफॉर्मने समजा १५० कमिशन आणि ६० पाठवणावळ घेतली, त्या २१० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३७ रुपये ८० पैसे, शिवाय टीसीएस, म्हणजे प्लॅटफॉर्मने तुमच्या नावे सरकारसाठी कापून घेतलेला कर, ५ रुपये. खात्यात आले ७९७ रुपये २० पैसे. पुष्कळ जण ह्या ७९७ लाच आपली विक्री समजतात आणि त्यातून कर काढतात. तो येतो ३८ रुपयांच्या आसपास, म्हणजे एका ओढणीमागे १२ रुपये कमी भरले गेले. हजार ओढण्यांवर १२ हजार, वर १८ टक्के व्याज. खरा हिशेब असा : विक्री १,०००, देय कर ५०. त्यातून कमिशन-पाठवणावळीवर भरलेल्या ३७.८० ची वजावट, टीसीएसच्या ५ रुपयांची जमा, आणि खिशातून जायचे फक्त ७ रुपये २० पैसे. योग्य मार्गाने गेलं तर ओझं हलकंच आहे, पण त्यासाठी कमिशनची बिलं जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या वजावटीच्या तक्त्यात, दिसली पाहिजेत आणि टीसीएस स्वीकारला गेला पाहिजे.

हा टीसीएस १ ऑक्टोबर २०१८ पासून कापला जातो. आधी १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे. प्लॅटफॉर्म पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-८ भरतो आणि त्यात तुमच्या नावावर किती विक्री झाली हे सरकारला सांगून मोकळा होतो. तुम्ही जीएसटीआर-१ मध्ये काहीही लिहा, दुसऱ्या बाजूची चोपडी आधीच जमा झालेली असते. चांगलं सॉफ्टवेअर म्हणजे माझ्या मते ह्या दोन चोपड्या शेजारी ठेवून फरक लाल रंगात दाखवणारं. बिल देखणं छापणारी पुष्कळ आहेत.

फरक पडतो तो मुख्यतः परत आलेल्या मालामुळे. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल दारातूनच माघारी फिरलं, ज्याला विक्रेते 'आरटीओ झालं' म्हणतात, तर बिल गेल्या महिन्यातलं आणि परतावा या महिन्यातला. त्याची क्रेडिट नोट काढावी लागते, नाहीतर न झालेल्या विक्रीवर कर भरत राहाल. प्लॅटफॉर्मच्या महिन्याच्या अहवालात विक्री, परतावा, रद्द, बदली हे सगळं एकाच फाइलमध्ये येतं. सॉफ्टवेअरने 'रद्द' ला 'परतावा' समजून दोनदा वजा केलं, तर विक्री कमी दिसते, आणि ते थेट जीएसटीआर-८ शी भांडतं. फाइल चढवल्यावर पाच-दहा ऑर्डरी हाताने ताडून बघण्याचा कंटाळा करू नये. जुलै २०२५ पासून तर जीएसटीआर-१ मधला विक्रीचा आकडा कर भरायच्या रिटर्नमध्ये, म्हणजे जीएसटीआर-३बी मध्ये, बदलताही येत नाही. दुरुस्ती करायची असेल तर आधी १ए भरावा लागतो.

कुणाला सॉफ्टवेअर लागतं? महिन्याला वीस-तीस ऑर्डरी, एकच प्लॅटफॉर्म, दोन-तीन प्रकारचा माल, अशांनी पैसे घालवू नयेत. पोर्टलवरचं फुकट ऑफलाइन टूल आणि एक नीट ठेवलेली एक्सेल पुरते. दोन प्लॅटफॉर्म आणि वर स्वतःची वेबसाइट झाली, की टॅली, झोहो बुक्स, क्लिअर यांपैकी काही तरी घ्या. विकत घेताना दुकानदाराला एवढंच विचारा : परताव्याची फाइल वेगळी वाचतं का, आणि जीएसटीआर-८ शी जुळवून दाखवतं का? उत्तर 'अपडेट येतंय' असं मिळालं, तर अपडेट आल्यावर घ्या.

एक सावधगिरी. 'लवकर डिलिव्हरी' च्या लोभाने माल भिवंडीच्या गोदामात ठेवायचा विचार असेल, तर महाराष्ट्रात २७ ने सुरू होणारी वेगळी नोंदणी घ्यावी लागते, आणि आपल्याच घरातून आपल्याच गोदामात पाठवलेल्या मालावर आयजीएसटीचं बिल काढावं लागतं. हे सॉफ्टवेअर आपणहून सांगणार नाही. त्याचं सविस्तर पुढच्या आठवड्यात.

तोवर एक काम करा. पोर्टलवर लॉगिन करून 'टीडीएस आणि टीसीएस क्रेडिट' चं पान उघडा. प्लॅटफॉर्मने कापलेली रक्कम तिथे तुमच्या 'स्वीकार' ची वाट बघत पडून असते. ते बटण दाबल्याशिवाय ती रोख खात्यात जमा होत नाही.