जाहिराती रोखणारी पेटी घरात, तरीही दुकानाच्या कॉम्प्युटरवर जाहिराती!

अमरावतीच्या इतवारा बाजारात आमचे एक स्नेही आहेत. खाली होजिअरीचे दुकान, वर घर. इंटरनेटची जोडणी एकच. गेल्या वर्षी त्यांच्या दुकानातील मुलगा बिलाच्या प्रिंटरचे सॉफ्टवेअर शोधत होता. शोधता शोधता एका जाहिरातीवर त्याचे बोट पडले आणि पडदाभर इशारा आला, 'कॉम्प्युटरला व्हायरस लागला आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा.' बिचाऱ्याने फोन केला. पलीकडच्याने सांगितलेला प्रोग्राम उतरवून घेतला, आकडा वाचून दाखवला आणि खात्यातून अकरा हजार रुपये गेले.

स्नेह्यांचा भाचा अकोल्याला ताजनापेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करतो. त्याने मामूंच्या घरी 'पाय-होल' बसवून दिले. हा प्रोग्राम २०१५ पासून मोफत मिळतो आणि रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरही चालतो. त्यानंतर घरातल्या मोबाइलवर बातम्या वाचताना जाहिराती येईनाशा झाल्या. दुकानाच्या कॉम्प्युटरवर मात्र येतच राहिल्या. ज्याच्यासाठी हा खटाटोप केला, नेमका तोच सुटला! मामूंनी पेटीच खराब ठरवली. आम्ही त्या दिवशी तिथेच होतो, म्हणून पुढचा शोध डोळ्यांनी पाहिला. इतरांच्याही कामी यावा म्हणून तो येथे देत आहोत.

पेटी काय करते ते आधी समजून घ्यावे. आपण एखाद्या वेबसाइटचे नाव लिहिले की कॉम्प्युटर कोणाला तरी विचारतो, 'या नावाचा पत्ता काय?' पत्ता सांगणाऱ्या या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. १९८३ पासून ही पद्धत आहे. पेटी घरातल्या घरात हे पत्ते सांगण्याचे काम करते आणि जाहिरातवाल्याचे नाव विचारले की शून्य पत्ता देते. पत्ताच नाही तर जाहिरात येणार कुठून? पण कॉम्प्युटरने पेटीला न विचारता दुसऱ्याच कोणाला विचारले, तर पेटी काय करणार? म्हणून पेटीला दोष देण्याआधी कॉम्प्युटर कोणाला विचारतो ते पाहावे.

भाच्याने विंडोजची काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडली आणि 'एनएसलुकअप' (इंग्रजी अक्षरे एन-एस-एल-ओ-ओ-के-यू-पी) लिहून पुढे एका जाहिरात कंपनीचे नाव टाकले. उत्तर कोणी दिले, हे वरच्या दोन ओळींत दिसते. तिथे पेटीचा पत्ता नव्हता. इंटरनेट कंपनीचा लांबलचक, मध्ये दोन-दोन टिंबांची चिन्हे (:) असलेला पत्ता होता. हा आयपीव्ही६ चा पत्ता. राउटरने जुन्या पद्धतीत पेटीचा पत्ता वाटला होता, पण नव्या पद्धतीत कंपनीचाच वाटत होता आणि विंडोज तोच आधी धरत होती. फायबर जोडणीवर ही भानगड बऱ्याच ठिकाणी आढळते. राउटर परवानगी देत असेल तर त्या जागीही पेटीचा पत्ता भरावा. या राउटरने दिली नाही, म्हणून भाच्याने घरातल्या जाळ्यापुरते आयपीव्ही६ बंद केले.

पुन्हा विचारले. आता उत्तर पेटीचेच, पत्ता शून्य. सर्वांना हायसे वाटले. ब्राउझर उघडला तर जाहिराती जशाच्या तशा!

येथे आम्हीही चक्रावलो. भाच्याने त्याच कॉम्प्युटरवर दुसरा ब्राउझर उघडला. त्यात जाहिराती नव्हत्या. म्हणजे कॉम्प्युटर सुधारला होता, पहिला ब्राउझर स्वतःच्या मर्जीने बाहेर विचारत होता. २०१८ मध्ये ठरलेल्या एका पद्धतीने ब्राउझर पत्त्याची विचारणा कुलूपबंद करून, साध्या वेबपानाच्या वाटेनेच बाहेर पाठवू शकतो. राउटरला त्यात वेगळे काही दिसत नाही. फायरफॉक्समध्ये 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' आणि क्रोममध्ये 'सिक्युअर डीएनएस' या नावाने ही सोय सेटिंगमधील प्रायव्हसी व सिक्युरिटी विभागात असते. सोय वाईट नाही. प्रवासात, परक्या वायफायवर ती उपयोगीच आहे. पण घरी पेटी असताना ती पेटीला वळसा घालते. फायरफॉक्सने आपणहून ती सुरू केली असेल तर पाय-होल त्याला नम्रपणे थांबवू शकते. कोणी हाताने निवडली असेल तर फायरफॉक्स ऐकत नाही. येथे इंटरनेट संथ आहे म्हणून आधीच्या दुरुस्तीवाल्याने ती हाताने निवडली होती. ती बंद केली, 'आयपीकॉन्फिग' च्या आज्ञेने विंडोजमधील जुने पत्ते पुसले, ब्राउझर बंद करून उघडला आणि काम झाले.

आणखी एक चूक आमच्या पाहण्यात वारंवार येते. 'पेटी बंद पडली तर असू द्या' म्हणून लोक राउटरमध्ये दुसऱ्या जागी गुगलचा ८.८.८.८ भरून ठेवतात. दुसरा पत्ता केवळ अडचणीच्या वेळीच वापरला जाईल असा काही नियम नाही. पेटीला उत्तर द्यायला जरा उशीर झाला की कॉम्प्युटर तिकडे वळतो आणि जाहिराती कधी येतात, कधी येत नाहीत. अशी अर्धवट बिघाडी शोधणे फार जिकिरीचे. ती जागा रिकामी ठेवावी. व्हीपीएन किंवा काही अँटिव्हायरसही आपला वेगळा डीएनएस लावतात, तेही तपासावे.

पेटीकडून भलती अपेक्षा मात्र करू नये. यूट्यूबच्या जाहिराती ज्या ठिकाणाहून व्हिडिओ येतो तिथूनच येतात, त्या थांबत नाहीत. पैसे भरण्याचे एखादे पान अडले तर पेटीच्या नोंदीत कोणते नाव रोखले ते दिसते. तेवढेच नाव मोकळे करावे, सगळी पेटी बंद करू नये. आणि फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. आमच्या स्नेह्यांनी तीन दिवस लाजेखातर घालवले होते.

दुकानातल्या मुलाचा स्वतःचा मोबाइल सिमकार्डाच्या डेटावर चालतो. तो पेटीच्या कक्षेत येतच नाही. त्याला दुकानाचे वायफाय द्यावे की नाही, यावर मामू-भाच्यांचा वाद अजून चालू आहे.