आत्याचा लॅपटॉप दुपारी का दमायचा?

गेल्या जूनमध्ये इंदूरहून आत्याचा फोन आला. "अरे, दुकानदार म्हणतो प्रोसेसर जुना झाला, नवीन लॅपटॉप घ्या. साठ हजार सांगतोय. घेऊ का?" आत्या घरूनच लोकांची आयकर रिटर्न भरते, आणि जुलै हा तिच्या कमाईचा महिना. "थांब, मी येतो," म्हटलं आणि शनिवारी पुण्याहून बस पकडली.

लॅपटॉप २०१८ सालचा, प्रोसेसर इंटेल कोअर आय५-८२५०यू. सकाळी ठीक चालायचा, पण दुपारी एक्सेलमध्ये आकडा टाइप केला की तो उमटायला वेळ लागायचा आणि पंखा घोंघावायचा.

आत्याने जपून ठेवलेल्या खोक्यावर '३.४ गिगाहर्ट्झपर्यंत' असं छापलं होतं. त्यातला 'पर्यंत' आपण कोणीच वाचत नाही! या प्रोसेसरचा मूळ वेग १.६ आहे. ३.४ हा गरजेपुरता वाढवलेला वेग. इंटेलने २००८ साली नेहालेम पिढीत आणलेली ही सोय म्हणजे टर्बो बूस्ट. एएमडीच्या रायझनमध्ये तिला प्रिसिजन बूस्ट म्हणतात.

आत्याला सांगितलं, फोडणीला तू गॅस मोठा करतेस आणि मग आच मंद ठेवतेस ना, तसंच हे. फाइल उघडायची, पान लोड करायचं, की प्रोसेसर क्षणभर जोरात धावतो आणि काम उरकून पुन्हा शांत होतो. म्हणूनच लॅपटॉप चपळ वाटतो.

पण याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खप वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. समजा वेग दुप्पट केला आणि त्यासाठी व्होल्टेज सव्वापट लागलं, तर खप तिपटीच्याही वर जातो. हा प्रोसेसर सलग कामासाठी १५ वॅटचा धरलेला आहे. बूस्टमध्ये तो याहून बरीच जास्त वीज घेतो, पण थोडाच वेळ. किती वेळ ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आसपास. तापमान १०० अंशांजवळ गेलं की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो.

मी तापमान दाखवणारं एक मोफत सॉफ्टवेअर टाकलं आणि आत्याला नेहमीसारखं काम करायला सांगितलं. तिने पलंगावर उशी घेतली, उशीवर लॅपटॉप ठेवला. मला तिथेच अर्धं उत्तर मिळालं! हवा आत घ्यायच्या जाळ्या खालच्या बाजूला असतात, त्या उशीने बंद. मिनिटाभरात ९७ अंश, आणि वेग ३.४ वरून १.१ वर, म्हणजे मूळ वेगाच्याही खाली. त्यात खोलीतच ४० अंश. सकाळी खोली दहा-बारा अंशांनी थंड असते, तेवढी सवड प्रोसेसरला मिळते. दुपारी ती संपते.

रविवारी ओळखीच्या कारागिराकडून लॅपटॉप उघडून घेतला. पंख्यापुढच्या पट्ट्यांवर धुळीचा चक्क नमदा बसला होता आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून गेली होती. साफसफाई आणि नवी पेस्ट, सातशे रुपये. (हे घरी करू नका. बॅटरी आधी सोडवावी लागते, आणि पंख्याची वायर नाजूक असते.) नंतर तेच काम, तीच दुपार: सुरुवातीला ३.४, मग २.४ वर स्थिर, तापमान ऐंशीच्या घरात.

बूस्ट बंदही करून पाहिला. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की तो थांबतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही. पंखा गप्प झाला, पण रिटर्नचा फॉर्म उघडायला इतका वेळ लागला की आत्या म्हणाली, "ही तर बैलगाडी झाली." पुन्हा १०० केलं. तापमान घटकाभर नव्वदला गेलं म्हणून घाबरून बूस्ट कायमचा बंद करणं मलाही पटत नाही. पाहायचं ते हे, की काम संपल्यावर तापमान उतरतं का, आणि सलग कामात वेग मूळ आकड्याच्या खाली जातो का. वेग तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली दिसतोच.

नवा लॅपटॉप घेतला नाही. जुलैभर आत्याने त्याच यंत्रावर रिटर्न भरली. उशी गेली, आता टेबलावर लाकडी पाट आणि पाटावर लॅपटॉप. मागच्या बाजूला दोन बाटल्यांची झाकणं लावून तो थोडा उचललाय, ती कल्पना तिचीच.