मायानगरीची सहल : गर्दी टाळायची तर आधी कॅलेंडर पाहा

सुट्टी लागली की मुलांचा हट्ट ठरलेला. पूर्वी तो मामाच्या गावापुरता असे, आता त्यात खोपोलीच्या ‘इमॅजिका’ची भर पडली आहे. रायगड जिल्ह्यात, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापासून जवळच खोपोली-पाली रस्त्यावर हे उद्यान २०१३ मध्ये सुरू झाले. मनमोहन शेट्टी यांनी ते ‘अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका’ या नावाने उभारले. २०२२ मध्ये ते मालपाणी समूहाकडे गेले.

बेळगावहून कोल्हापूर, सातारा, पुणे करत तिथे जायचे म्हणजे चारशे किलोमीटरहून जास्त प्रवास. गाडीचे भाडे, वाटेतला मुक्काम, माणशी तिकीट. त्यात आज्जी-आजोबा बरोबर असले की बजेट आणखी वाढते. एवढे करून दिवसभरात चार-पाच राइड झाल्या आणि बाकीचा वेळ उन्हात उभे राहण्यात गेला, तर सर्वांत आधी थकतात ती लहान मुले आणि वडीलधारी मंडळी. म्हणूनच गर्दी टाळणे हा हौसेचा प्रश्न नाही, सहल सगळ्यांची होते की फक्त तरुणांची, हे त्यावर ठरते.

रांग वाढते कशी?

साधा हिशेब करून पाहू. समजा, एका राइडमध्ये एका फेरीला २० जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी फेरी सुटते. म्हणजे तासाला ४०० जण. तासाला ३५० माणसे आली तर रांग फारशी लागतच नाही. पण ५०० येऊ लागली की दर तासाला १०० जण मागे साचतात आणि चार तासांनी येणाऱ्याला तासभर थांबावे लागते. प्रत्येकाचा पट्टा तपासूनच गाडी सोडायची असल्याने फेऱ्या मनाला येईल तशा वाढवता येत नाहीत. म्हणजे थोडीशी जास्त गर्दीही दुपारपर्यंत मोठी रांग उभी करते. म्हणून आतल्या युक्त्यांपेक्षा जाण्याचा दिवस महत्त्वाचा.

दोन राज्यांच्या दोन सुट्ट्या

इथेच सीमाभागातल्या घरांना एक फायदा आहे. खोपोलीला येणारी बहुतेक गर्दी मुंबई, ठाणे, पुण्याची. म्हणजे ती महाराष्ट्राच्या शाळांप्रमाणे हलते. आपल्याकडे मात्र अनेक मुले कर्नाटकाच्या वेळापत्रकावर चालतात.

कर्नाटकात शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची, महाराष्ट्रात दिवाळीची. दसऱ्याच्या सुट्टीतला मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार निवडा. पुण्या-मुंबईची मुले त्या दिवशी वर्गात असतात. गांधी जयंती आणि खुद्द दसरा हे दोन दिवस मात्र वगळा, ते दोन्हीकडे सुट्टीचे. एप्रिलचेही तसेच. कर्नाटकात साधारण दहा तारखेनंतर उन्हाळी सुट्टी लागते, तेव्हा महाराष्ट्रात परीक्षा चालू असतात. १ मेनंतर हा फायदा संपतो.

ज्यांची मुले चंदगड-गडहिंग्लजकडे महाराष्ट्राच्या शाळेत आहेत, त्यांनी हाच हिशेब उलटा करावा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कर्नाटकातल्या शाळा भरलेल्या असतात, महाराष्ट्रातल्या अजून उघडायच्या असतात. त्या दिवसांत बेंगळुरूजवळ बिडदीला २००५ पासून असलेले ‘वंडरला’ सोयीचे.

यात एक अडचण आहे, ती सांगितली पाहिजे. पुण्याच्या मावसभावंडांबरोबरच जायचे असे मुलांनी ठरवले असेल, तर त्यांची सुट्टी आणि आपली सुट्टी जुळणार ती नेमकी गर्दीच्या दिवसांत. मग मुक्काम मावशीकडे करावा, संध्याकाळी सगळी भावंडे एकत्र जेवावीत, आणि उद्यान आपण मधल्या वारी उरकावे.

डिसेंबर-जानेवारीत मधले वारही रिकामे नसतात, शाळांच्या सहली येतात. पण त्यांच्या बसगाड्या लवकर परततात, त्यामुळे दुपारनंतर मोकळीक मिळते. पावसाळ्यात गर्दी कमी असते. मात्र खोपोली घाटाच्या पायथ्याशी, तिथला पाऊस धो-धो. जोराच्या पावसात उघड्यावरच्या मोठ्या राइड थांबवाव्या लागतात.

आत गेल्यावर

दार उघडण्याच्या आधी पोहोचा. त्यासाठी आदली रात्र पुणे किंवा लोणावळा परिसरात काढावी. रेल्वेने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की खोपोली स्टेशन कर्जतहून निघणाऱ्या फाट्यावर आहे, पुण्याच्या गाड्या तिथे जात नाहीत. पुण्याहून किंवा लोणावळ्याहून रस्त्यानेच जावे लागते.

पहिला तास सोन्याचा. बहुतेक लोक दारातून शिरताच समोर दिसेल त्या रांगेत उभे राहतात, फोटो काढतात. आपण सरळ मोठ्या राइडकडे जावे : पायांखाली फरशी नसलेला ‘नायट्रो’, अंधारातला ‘डीप स्पेस’. दुपारी ऊन तापले की छपराखालच्या राइड घ्याव्यात. साडेबारा ते अडीच लोक जेवायला वळतात, तेव्हा रांगा ओसरतात. आपण आधी किंवा नंतर जेवावे. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, म्हणून दहीबुत्ती, धपाटे गाडीतच संपवा. संध्याकाळी मिरवणूक पाहायला लोक गोळा होतात, तोही राइडसाठी बरा वेळ. काही राइड देखभालीसाठी बंद असतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करा. जादा पैसे भरून रांग टाळायचे तिकीटही मिळते. मधल्या वारी त्याची गरज सहसा पडत नाही.

मुलांची उंची घरीच मोजा. तासभर थांबून पट्टीपाशी परत फिरावे लागले की रडारड होते. पाठदुखी, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गर्भवती महिलांनी जोरदार राइडपासून दूरच राहावे.

आज्जी-आजोबांसाठी

ही मायानगरी केवळ किंचाळण्याची जागा नाही. ‘अलीबाबा’ची गुहा आहे, १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’वर बेतलेली राइड आहे, भारतभूमीवरून उडत गेल्यासारखे वाटणारी ‘आय फॉर इंडिया’ आहे. ‘राजासौरस’ हे नावही काल्पनिक नाही. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातेत सापडलेल्या खऱ्या डायनोसॉरला २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी हे नाव दिले. या राइडमध्ये कपडे भिजतात, जादा जोड जवळ ठेवा.

आपल्या घरांतल्या एका पिढीने मराठीतला ‘चांदोबा’ आणि कन्नडमधला ‘चंदमामा’ दोन्ही वाचले आहेत. गुहा, राक्षस, उडता गालिचा त्यांना नवे नाहीत. निघण्याच्या आधी चार रात्री आज्जीने अलीबाबाची गोष्ट मराठीत सांगावी, अज्जांनी कन्नडमध्ये. रांग लहान असेल तर आज्जीही त्या गुहेत नातवाशेजारी बसू शकते. तेव्हा घरातली दोन्ही वेळापत्रके, शाळेचे आणि महाराष्ट्राचे, आजच शेजारी ठेवून तारीख ठरवा.