जुनी मस्केट : व्यास मोजण्याआधी एक मोजमाप

दिवाळीत मुले दगडाने टिकली फोडतात. तिला वात नसते, काडीही लावावी लागत नाही. नुसत्या आघाताने ती फुटते. एकोणिसाव्या शतकातील बंदुकांत हेच तत्त्व वापरले गेले. आघाताने फुटणाऱ्या मर्क्युरी फुल्मिनेटचे वर्णन एडवर्ड हॉवर्ड यांनी १८०० साली केले. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने बार पेटवण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. पुढे असे द्रव्य तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरू लागले. घोडा टोपीवर आपटला की ज्वाला पोकळ खुंटीतून नळीत शिरे आणि बार उडे. चकमकीच्या बंदुकीतली उघडी दारू पावसात भिजे; ती अडचण टळली.

याच काळात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील सरकारी कारखान्यात सैनिकी शाळांच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या, हलक्या मस्केट तयार झाल्या. १८५१ च्या नमुन्याच्या सुमारे ४,००० मस्केट बनल्या. व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी त्या घेऊन कवायत करीत. सैनिकांच्या १८४२ च्या नमुन्याच्या मस्केट मात्र अडीच लाखांहून अधिक निघाल्या. साहजिकच विद्यार्थ्यांची मस्केट दुर्मिळ झाली आणि संग्राहकांत तिला मोल आले. मग मोठी मस्केट कापून ‘शाळेची’ म्हणून कोणी पुढे केली, तर ती ओळखायची कशी?

इथे साधी भूमिती आपल्या मदतीला येते. सैनिकाच्या मस्केटची नळी ४२ इंच लांब, आतला व्यास ०.६९ इंच, म्हणजे सुमारे १७.५ मिलिमीटर. विद्यार्थ्याची नळी ४० इंच, व्यास ०.५७ इंच, म्हणजे सुमारे १४.५ मिलिमीटर. नळी कापली की लांबी घटते; व्यास तोच राहतो. तीन मिलिमीटरचा हा फरक व्हर्नियर कॅलिपर सहज दाखवतो. फरक किरकोळ वाटेल, पण गोलाचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. १४.५ ला १७.५ ने भागून येणाऱ्या संख्येचा घन करा : उत्तर सुमारे ०.५७. म्हणजे व्यास सहाव्या हिश्शाने कमी केला, तर शिशाची गोळी जवळजवळ निम्म्या वजनाची होते!

मात्र कॅलिपर नळीच्या तोंडाशी नेण्याआधी दुसरे मोजमाप हवे. ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण. ते कोरडे राहिले तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेऊ शकते. २००८ साली व्हर्जिनिया राज्यात अमेरिकी यादवी युद्धातील तोफगोळा साफ करताना स्फोट होऊन एका संग्राहकाचा मृत्यू झाला.

म्हणून जाणकार आधी खुंटीवर टोपी नाही ना, हे पाहतो. मग नळीच्या तोंडासमोर न येता बाजूने लाकडी गज आत सोडतो आणि तोंडाशी गजावर खूण करतो. तोच गज बाहेरून नळीलगत धरल्यावर खुंटीजवळ पोहोचला, तर नळी रिकामी. चार बोटे अलीकडेच थांबला, तर आत काहीतरी आहे!

आपल्याकडेही जुन्या वाड्यांत ठासणीच्या बंदुका असतात. विद्यार्थ्याने अशी बंदूक शाळेत आणण्याची गोष्ट काढली, तर तिला हात न लावता पोलिसांना कळवायला सांगावे. गजाचा प्रयोग वर्गात करायचाच, तर एका टोकाने बंद केलेल्या पाइपमध्ये कापडाचा बोळा घालून करावा.